वर उचललेला पाय

वरच्या जबड्याचे सहा दात, एका निवृत्त बँडवाल्यासाठी. ट्रम्पेट वाजवायला पुढचे दोन दात किंचित आत हवेत, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं आणि 'किंचित'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

*

"सर, तुमचा व्हिडिओ बघून आमचा मुलगा हल्ली आंघोळ करतानाही एका पायावर उभा राहतो. फार आभारी आहोत." व्हिडिओखालची प्रतिक्रिया, सात वर्षांपूर्वीची, या महिन्यात पुन्हा वाचलेली.

*

बाल्कनीतली कपड्यांची दोरी गायब. ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर. एक सदरा फ्रिजच्या दाराला.

*

दोन सेकंद म्हणजे किती? दात घासताना काहीच नाही. लिफ्टचं दार बंद होत असताना पुष्कळ.

*

शेजारीण: "यांचा घसा बसलाय का? की तुमचं काही बिनसलंय?"
मी: "घसा."

*

बेसबॉलचा नियम. बेसवर पळायच्या तयारीत कुणी उभं असताना पिचरने फेकायची हालचाल सुरू केली, की मध्ये थांबायचं नाही. थांबला तर पंच हात वर करतो आणि पळणाऱ्याला पुढचा बेस फुकट मिळतो.

*

हे सगळं एकाच महिन्यातलं. आता क्रमाने सांगते, जमेल तितकं.

एकवीस दिवस उरले

माझा नवरा मुलांना बेसबॉल शिकवतो. पण लोक त्याला ओळखतात ते व्हिडिओंमुळे. एकशे बारा व्हिडिओ आहेत. नव्या ग्लोव्हला तेल कसं लावायचं, घसरत बेस कसा गाठायचा, बॉल डोळ्यांवर उन्हातून आला तर काय करायचं. चित्रण मी करते, काटछाट मी करते. दिवसा डेंटल लॅबमध्ये दात बनवते.

त्यातला चौथा व्हिडिओ चौदा लाख वेळा बघितला गेलाय. त्यात सर (घरीही मी त्यांना सरच म्हणते, चिडले की जास्तच) मातीच्या उंचवट्यावर उभे आहेत. पिचर तिथूनच बॅटवाल्याकडे बॉल फेकतो. सर "पाय वर" म्हणत गुडघा छातीपर्यंत वर घेतात, एका पायावर उभे राहतात आणि म्हणतात, "आणि इथे थांबा. तोल बघा. आता फेका." या वाक्याने त्यांचं नावच पडलं, थांबा सर. एकदा दाढ काढायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा. आणि इथे थांबा," आणि स्वतःच इतके हसले की हातातलं इंजेक्शन खाली ठेवावं लागलं.

तर त्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकातून एक माणूस आणि एक मुलगी आत आली. मुलगी तेरा वर्षांची, काटकुळी, ग्लोव्ह बापाच्या मापाचा. माणूस तिचा मामा. काच कापणारा. दहापैकी चार बोटांना पट्ट्या.

"सर, हिने तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही," मामा म्हणाले. "शाळेतल्या बाईंचंसुद्धा."

"मामा!"

"बरं, शाळेचं राहू दे. दोन वर्षं रोज गोदामाच्या भिंतीवर बॉल मारतेय. भिंतीचा गिलावा गेला. आता एकवीस दिवसांनी निवड चाचणी आहे. चौदा वर्षांखालचा संघ. पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही. म्हणून मी इथल्या एका काचेच्या दुकानात तीन आठवडे काम धरलंय. हिला तेवढी हातावेगळी करा."

"हातावेगळी म्हणजे काय, मी काय खिडकी आहे?" मुलगी म्हणाली. मग सरांकडे बघून, एकदम लाजून, "फोनमध्ये तुमचा आवाज जाड येतो."

सरांनी तिला बॉल दिला. समोर आमची भिंत बसली. भिंत म्हणजे आमची कॅचर, बॉल झेलणारी. वय तेरा, तिच्यापासून काही सुटत नाही, ना बॉल ना टोमणा.

मुलीने पाय वर घेतला. गुडघा छातीशी. पाठ सरळ, हनुवटी खांद्याला लागलेली. अगदी चौथा व्हिडिओ.

आणि थांबली.

एक. दोन.

मग फेकला. पायातला सगळा जोर त्या दोन सेकंदांत जमिनीत मुरून गेला होता. राहिला होता नुसता हात. बॉल भिंतीपर्यंत पोचला, पण दमून.

"सर," भिंत ग्लोव्हमधून बॉल काढत म्हणाली, "मधे जाहिरात लागली का?"

सगळी पोरं हसली. दहाव्या बॉलपर्यंत तिचं नाव पडलं होतं. पुतळा.

मी कॅमेऱ्यातून बघत होते, म्हणून मला दिसलं. प्रत्येक बॉलनंतर ती पाठ करून उभी राहायची आणि कोपर चोळायची.

चाचणीत बेसवर पळणारा ठेवतात. दोनदा थांबलं की चाचणी तिथेच संपते. पुतळा प्रत्येक बॉलला थांबत होती.

घरी येताना सर गाडीत म्हणाले, "हिला मी शिकवलंय. न बघता शिकवलंय. आता बघून काढायला पाहिजे."

वीस ते अठरा

बोलण्यावर माझ्या नवऱ्याचा फार विश्वास. तीन दिवस ते बोलत होते. "सलग टाक." "मधे श्वाससुद्धा घेऊ नकोस." "पाण्याची धार समज स्वतःला." "जिन्यावरून उतरतेयस असं समज." "थांबू नकोस. थांबू नकोस गं. थां-बू न-को-स."

ती थांबायची. उलट थोडी जास्तच.

"मी कुठे थांबते?" ती म्हणाली.

मी तिला कॅमेऱ्यात दाखवलं. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. चौथ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाली, "काकू, हे तुम्ही मधे थांबवलंयत ना? बटण दाबून?"

"नाही गं."

तिने खालचा ओठ दातात धरला. रडली नाही. बॉल मागितला.

सतरा

त्या दिवशी सर चुन्याची पिशवी आणायला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. पुतळा आणि भिंत दोघीच खेळत होत्या. मी सवयीने चित्रण चालू ठेवलं. दुपारी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला ठेवून मी एकेक बॉल मोजला.

सर बोलत असताना: दोन सेकंद. कधी सव्वादोन.

सर चुना आणायला गेले असताना: अर्धा सेकंद. एकदा तर त्याहूनही कमी.

संध्याकाळी मी पुतळाला विचारलं, "घरी कशी शिकायचीस तू? फोन कुठे ठेवायचीस?"

"गोदामाच्या भिंतीला टेकवून. पण चित्र दिसायचं नाही धड. स्क्रीन तडकलेली. मी ऐकूनच करायचे."

"काच कापणाऱ्याच्या भाचीचा फोन तडकलेला?" भिंत म्हणाली.

"माझं काम खिडक्यांचं," मामा म्हणाले. पण कानापर्यंत लाल झाले.

दोन वर्षं. रोज शंभर वेळा तरी. चित्र नाही, नुसता आवाज. पाय वर आणि तो आवाज. तिच्या अंगात सरांचा आवाजच ब्रेक होऊन बसला होता. तो 'थांब' म्हणो की 'थांबू नकोस' म्हणो, तिच्या पायाला एकच कळत होतं.

मी घरी आल्यावर सांगितलं. "अहो, तुम्ही बोलायचं बंद करा."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड मिटायचं. तिच्यासमोर एक अक्षर नाही. चाचणी होईपर्यंत."

"कोचने बोलायचं नाही? मग काय करू? नाचू?"

"नाचा हवं तर. आवाज काढू नका."

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाच मिनिटांनी आत आले. "दुसऱ्या मुलांशी बोललो तर?"

"तिला ऐकू येईल."

"खोकला आला तर?"

"खोका."

कापलेला तुकडा

हा क्रमात बसत नाही, पण इथेच ठेवते, कारण मला तो त्याच दुपारी सापडला.

सेकंद मोजता मोजता मला वाटलं, मुळात सर किती थांबले होते? म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवीत पडून असलेल्या जुन्या कार्डावरचं नऊ वर्षांपूर्वीचं मूळ चित्रण उघडलं. न कापलेलं.

सर उंचवट्यावर उभे आहेत. केस जास्त, पोट कमी. पाय वर घेतात. तेवढ्यात चित्र धूसर होतं आणि माझा आवाज येतो, मोठा, अगदी कॅमेऱ्याला चिकटून: "अहो, थांबा, थांबा! फोकस गेला!"

सर एका पायावर तसेच गोठतात. चित्र पुन्हा स्पष्ट होतं. आणि माझा हा नवरा, ज्याला कधी काही वाया घालवलेलं खपत नाही, सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "आणि इथे थांबा, मुलांनो. तोल बघा. आता फेका."

मग मी हसतेय. खूप वेळ.

माझं वाक्य मी कापलं होतं. हसणं कापलं होतं. 'मुलांनो'सुद्धा कापलं होतं, माझ्या हसण्याची सुरुवात त्यावर चढली होती म्हणून. त्यांचं थांबणं ठेवलं होतं.

ते सगळं विसरले होते. मीही. नऊ वर्षांत त्या दोन सेकंदांवर त्यांनी भाषणं दिली होती. तोलाचा क्षण, ऊर्जेचा साठा, मनाची स्थिरता. एका प्रशिक्षकांच्या मेळाव्यात वीस मिनिटं. ते भाषणही मीच चित्रित केलं होतं, आणि तेव्हाही मला काही आठवलं नव्हतं.

मी कॅमेरा बंद केला आणि बँडवाल्याचे दात घासायला घेतले. किंचित. कुणाला काही सांगितलं नाही.

सोळा

बोलायचं नाही, तर मुलीला पुढे ढकलणार कशाने? हा प्रश्न सरांनी वहीत लिहून मला दाखवला. मौनाचा सराव म्हणून ते घरीही लिहूनच बोलायला लागले होते. मीठ हवं असलं तरी चिठ्ठी.

मी त्यांना लॅबमधलं सांगितलं. आम्ही साच्यात प्लास्टर ओततो तेव्हा साचा एका थरथरत्या टेबलावर ठेवतो. टेबल सारखं हलत राहतं, म्हणून हवेचा बुडबुडा एका जागी बसू शकत नाही. थरथर थांबली की बसलाच.

"तिला हलतं ठेवायला पाहिजे," मी म्हटलं. "कुणीतरी ओढत राहायला पाहिजे."

सरांनी पेन खाली ठेवलं आणि बाल्कनीकडे बघितलं.

पंधरा ते बारा

दोरीचं एक टोक पुतळाच्या कमरेला. दुसरं सरांच्या हातात, उंचवट्याच्या खाली, थोडं बाजूला. तिचा गुडघा वर येतो न येतो तोच सर दोरी ओढायचे. हळूच, पण ओढायचेच. उभं राहायला वावच नाही. फेक, नाहीतर पड.

पहिल्या दिवशी ती सहा वेळा पडली. एकदा तोंडावर.

"सर, जरा बेताने," मामा कुंपणाबाहेरून ओरडले. "गाय नाहीये ती!"

"मामा, तुम्ही कामावर जा!" पुतळा तोंडातली माती थुंकत ओरडली. "सर, ओढा!"

त्यांनी ओढलं.

कोपराला जपायचं म्हणून दिवसाला फक्त तीस बॉल. एकतिसावा तिने मागितला तर सर मान हलवायचे. ती वाद घालायची. ते मान हलवत राहायचे. जन्मभर बोलून पोरांवर जेवढी जरब बसली नव्हती तेवढी त्या आठवड्यात बसली. सर गप्प आहेत म्हणजे काहीतरी भयंकर आहे, असं वाटून बाकीची पोरंसुद्धा ओळीत उभी राहायला लागली.

बारा दिवस उरले तेव्हा तिसातले नऊ बॉल सलग गेले. नवव्याचा भिंतीच्या ग्लोव्हमध्ये आवाज झाला. नीट, भरीव. भिंतीने ग्लोव्ह काढून तळहात बघितला. "लागलं," ती म्हणाली. तिच्या तोंडून स्तुती म्हणून एवढंच निघतं.

अकरा

सर मला न्यायला लॅबमध्ये आले. स्टुलावर बसले. प्लास्टरच्या धुळीने त्यांची पँट पांढरी झाली, तरी उठले नाहीत. माझ्या हातात एक साचा होता. त्यात दाढेच्या जागी एक बुडबुडा राहून गेला होता.

"बघा," मी म्हटलं. "याच्यातून जेवढे दात काढले तेवढ्या सगळ्यांना इथे टेंगूळ येणार."

"मग साचा फेकून दे." घरातला मौनाचा सराव त्यांनी इथे सोडला; पुतळा नव्हती, म्हणून बोलले.

"साचा फेकला. आधी निघून गेलेल्या दातांचं काय?"

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. बावीस वर्षं संसार केलाय, मी दातांबद्दल बोलत नाहीये हे त्यांना कळतं. मी कॅमेरा पुढे केला आणि तो तुकडा लावला.

अहो, थांबा, थांबा! फोकस गेला!

त्यांनी एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. माझं हसणं संपेपर्यंत थांबून तिसऱ्यांदा बघितलं.

"म्हणजे माझं सगळं शास्त्र," ते म्हणाले, "म्हणजे तुझा फोकस."

"हो."

"आणि तू हसतेयस."

"तेव्हा. आता नाही."

"चौदा लाख." ते उठले. "कोपर चोळते ती. तुला दिसलं का? प्रत्येक बॉलनंतर."

"दिसलं."

"मला आज दिसलं. गप्प बसल्यावर दिसलं." एवढं बोलून ते निघून गेले. मला न घेताच. मी बसने घरी आले. रात्रीचं जेवण चिठ्ठीविना आणि शब्दांविना झालं. मीठ कमी होतं. दोघांनीही मागितलं नाही.

दहा

सकाळी सहाला ते मैदानावर होते. दोरी गुंडाळून खांद्यावर. त्यांनी मला हाताने खूण केली, कॅमेरा लाव. पुतळा यायला अजून अर्धा तास होता.

एकशे तेरावा व्हिडिओ. तीच जागा, तोच उंचवटा. "नऊ वर्षांपूर्वी मी इथे पाय वर घेऊन थांबलो," ते म्हणाले, "कारण माझ्या बायकोच्या कॅमेऱ्याचा फोकस गेला होता. त्याला मी तोल हे नाव दिलं. ते चूक होतं. पाय वर आला की अंग पुढे गेलंच पाहिजे. थांबलात तर कोपर जाईल. जे माझं ऐकून थांबायला शिकलेत त्यांनी मला शिव्या घाला, पण आधी थांबणं सोडा." मग त्यांनी सलग पाच बॉल टाकून दाखवले. पाचव्याला कंबर धरली. म्हणाले, "हे कापू नकोस."

कापलं नाही. नव्या व्हिडिओत मी जुना तुकडाही घातला, माझ्या आवाजासकट आणि हसण्यासकट. चौथा व्हिडिओ काढून टाकला नाही. त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे चुकीचं आहे, एकशे तेरावा बघा.

लोकांनी शिव्या घातल्याच. "नऊ वर्षांनी सांगताय?" "कोच आहात की विदूषक?" एकाने माझ्या हसण्याबद्दलही लिहिलं. सरांनी एकेकाला उत्तर लिहिलं. प्रत्येकाला एकच ओळ: बरोबर आहे तुमचं. कोपर दुखतंय का ते कळवा.

आठ, पाच, तीन

आठ दिवस उरले तेव्हा दोरी सैल.

पाच उरले तेव्हा दोरी कमरेला होती, पण दुसरं टोक गवतात पडलेलं. सर हात खिशात घालून उभे. पुतळाने तीसच्या तीस सलग टाकले आणि मागे वळून बघितलं.

"कुणी धरलीच नव्हती?"

"मी म्हटलं होतं ना सांगू नका," भिंत मला म्हणाली, खरंतर मी काहीच बोलले नव्हते.

तीन उरले तेव्हा दोरी सोडली, आणि पुतळा थांबली. पहिल्याच बॉलला. दोन सेकंद, पुन्हा पहिल्यासारखी.

ती जमिनीवर बसली. मामा कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभे होते. सरांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं. मग खिशातून चाकू काढून त्यांनी दोरीचा हातभर तुकडा कापला आणि तिच्यासमोर धरला. तिने तो पट्ट्यासारखा कमरेला बांधला, शर्टाच्या आत. उठली. टाकला. सलग.

आमची कपड्यांची दोरी आता हातभर आखूड आहे. एका चादरीचा कोपरा जमिनीला लागतो.

शून्य

चाचणीचं मैदान आमच्या मैदानाच्या तिप्पट. अकरा पिचर आले होते. सरावाला उभे राहिले तेव्हा मी कॅमेऱ्यातून मोजलं: अकरांपैकी चार जण पाय वर घेऊन थांबत होते. सरांनीही मोजलं असणार. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"अरे, थांबा सर!" पालक जमले. "सर, एक फोटो! सर, आमच्या पोराला दोन शब्द सांगा!" सर हात जोडत, गळ्याकडे बोट दाखवत पुढे सरकत राहिले. पुतळा कानात बोळे घालायला तयार होती, पण पंचाचं ऐकायला कान उघडे ठेवावे लागतात.

तिची पाळी आली. वीस बॉल. पंचाने तिला बघितलं आणि विचारलं, "शर्टाखाली काय लोंबतंय?"

"दोरी."

"काढा. लोंबतं काही चालत नाही."

तिने दोरी काढली. कुंपणापर्यंत धावत येऊन सरांच्या हातात दिली. ती परत गेली.

पहिल्या बेसवर पळणारा उभा राहिला. चाचणी द्यायलाच आलेली भिंत बॉल झेलायला खाली बसली. पहिला बॉल, सलग. दुसरा, सलग. सहावा, सलग. मामा पुटपुटत मोजत होते.

सातव्याला तिचा पाय वर आला आणि आमच्या डाव्या बाजूने, कुंपणाला टेकलेल्या एका बापाच्या फोनमधून, पूर्ण आवाजात: "आणि इथे थांबा."

कुणीतरी आपल्या मुलाला सराव म्हणून चौथा व्हिडिओ लावून देत होतं. फोनमध्ये जुना उतरवून ठेवलेला. त्याच्यावर आमचं लिहिलेलं काहीच नव्हतं.

पुतळा थांबली.

पंचाचा हात वर. पळणारा चालत दुसऱ्या बेसवर गेला. आता आणखी एकदा थांबली की संपलं.

सर त्या बापाकडे धावले. त्यांना ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं, त्यांचा आवाज एक फोनमधून तर येतच होता, दुसरा कुठून आणणार. त्यांनी फोनकडे हात केला. बाप खूश. "सर! तुमचाच आहे! थांबा, सही घ्यायला वही काढतो!" सरांनी फोन हिसकला. तो उलटा होता. त्यांचा अंगठा चुकीच्या जागी पडला आणि व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला.

उंचवट्यावर पुतळाने बॉल ग्लोव्हमध्ये घेतला. ती आमच्याकडे बघत होती. तिला सगळं दिसत होतं. फोन, सर, अंगठा. ती पंचाला थोडा वेळ मागू शकत होती. नाही मागितला. तिने भिंतीकडे बघितलं.

"पाय वर," फोन म्हणाला.

तिने पाय वर घेतला.

"आणि इथे..."

बॉल सुटला होता. 'थांबा' ऐकू आलं तेव्हा तो भिंतीच्या ग्लोव्हमध्ये होता. आवाज आमच्यापर्यंत आला. नीट, भरीव.

"जाहिरात संपली!" भिंत ओरडली, आणि पंचाने तिला दम दिला.

उरलेले बारा तिने सलग टाकले. त्यातले चार भलतीकडे गेले, एक तर पंचाच्या पायावर. पण थांबली नाही. सरांनी फोन बंद करून त्या बापाला परत दिला, त्याच्या वहीवर सही केली आणि सहीखाली लिहिलं: एकशे तेरा.

यादी

दहा नावं आणि खाली दोन राखीव. पुतळा राखीवांत पहिली.

"राखीव म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय मुरगळला, तर तू," भिंतीने सांगितलं. ती स्वतः दहांत होती आणि त्याबद्दल तिने अजून एक शब्द काढला नव्हता.

"आणि तोवर?"

"तोवर बाकावर."

पुतळाने यादी पुन्हा वाचली. "म्हणजे पुन्हा थांबायचंच."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मान सोडवून घेतली. रागाने तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. मी कॅमेरा खाली केला.

मग सर बोलले. सतरा दिवसांनी, तिच्यासमोर, मोठ्याने.

"थांबायचं नाही. बाकावर बसणाऱ्यालासुद्धा सराव असतो. उद्या सहाला ये."

मी तिच्या पायाकडे बघत होते. पाय जमिनीवरच होता.

"साडेपाचला येते," ती म्हणाली. "मामा, दुकानातलं काम वाढवून घ्या. सर, दोरी आणा."

त्या पहिल्या दिवशी मैदानाकडे येताना मामा-भाचीची दुसरी बस चुकली होती. शेवटचे सहा किलोमीटर ती दोघं चालत आली, आणि सगळा रस्ता तिने ग्लोव्ह हातात घातलेला होता.